दोन बसमधले दहा रुपये : एका वसाहतीच्या प्रवास-प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

परवा, १ तारखेपासून पीएमपीएमएलचे, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचे, नवे दर लागू झाले. पहिला टप्पा आता पाच किलोमीटरचा, त्याला १० रुपये. पाच ते दहा किलोमीटरला २०, दहा ते पंधराला ३०. दिवसाचा पास ४० रुपयांचा होता तो ७० झाला आणि महिन्याचा ९०० वरून १,५०० वर गेला. ज्येष्ठांचा आणि विद्यार्थ्यांचा पास मात्र होता तसाच ठेवलाय.

आमचा मूळ आराखडा पदपथ आणि बसथांब्यांच्या पाहणीचा होता. तो बाजूला ठेवावा लागणार, हे वसाहतीत पाय ठेवल्या ठेवल्या कळलं. जिन्यात, नळावर, दुकानात, जिथे जाल तिथे तिकिटाचीच चर्चा चालू होती. लोक ज्याविषयी आपणहून बोलतायत ते सोडून फरशांची रुंदी मोजत बसणं मला तरी शोभलं नसतं. पदपथ नंतर घेऊ.

वसाहत हडपसरच्या बाजूची आहे. नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. नोंदी वसाहतीतल्या लोकांसमोर वाचल्या जाणार आहेत आणि काही बायकांच्या मालकिणींपर्यंतही जाऊ शकतात. शहराच्या मध्यात नाल्याकाठी राहणारी ही कुटुंबं इथल्या इमारतींत आणली गेली. घर पक्कं मिळालं, संडास घरात आला. हे लोक मान्य करतात, आणि मोकळेपणाने करतात. पण कामं तिकडेच राहिली. सहकारनगर, बिबवेवाडी, सदाशिव पेठ. पूर्वी जी बाई पुलावरून चालत दहा मिनिटांत पहिल्या घरी भांड्यांना पोहोचायची, ती आता तीन गाड्या बदलते.

८ जून, रविवार

पहिली बैठक. सकाळी अकराची वेळ अंगणवाडीच्या ताईंनीच हाणून पाडली. "रविवारी अकराला बायका तुमच्याकडे येणार का कपडे धुणार?" दुपारी तीनला भरली.

वसाहतीतल्याच काही जणींना आणि दोघा पुरुषांना सहसंशोधक म्हणून घ्यायचं, त्यांना तासाचं मानधन द्यायचं आणि प्रश्नावली त्यांनी ठरवायची, असा प्रस्ताव मांडला. मानधनावर शांतता पसरली. मग एका मावशीने विचारलं, की तुम्हाला किती मिळतात? सांगितलं. त्यावर बरंच बोलणं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. लोकसहभाग म्हणताना लोकांचा वेळ फुकट धरायचा आणि संशोधकाचा पगारी, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की कुणाला खटकतही नाही. तासाचा दर शेवटी त्यांनी ठरवला, घरकामाच्या चालू दराशी जुळवून. आम्ही देऊ केलेल्यापेक्षा थोडा जास्तच निघाला. मान्य केला.

नंतर समाजमंदिराच्या फरशीवर खडूने नकाशा. मी हडपसरचं गाडीतळ आणि शहरातलं स्वारगेट अशी बसस्थानकांची दोन वर्तुळं काढून ठेवली होती. त्यांनी ती पुसली नाहीत, पण रस्ते काढण्याऐवजी प्रत्येकीने आपण कुठे कुठे थांबतो तेवढंच काढलं. थांबा, रिक्षाचा कोपरा, रेशन दुकान, मुलाची शाळा (ती अजून जुन्या वस्तीजवळच आहे), ससून रुग्णालय. प्रवासापेक्षा थांबणंच जास्त.

१७ जून, मंगळवार

नव्या जनगणनेची अधिसूचना काल निघाली. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. त्या निमित्ताने २०११ चं प्रवासाचं कोष्टक पुन्हा उघडलं.

कामावर जायचं अंतर आणि साधन हे प्रश्न जनगणनेने २०११ ला विचारले आणि त्यातून शहरवार आकडे हाती आले. वाहतूक आराखडे करणाऱ्यांना त्याचा मोठा आधार. पण कोष्टक आहे फक्त 'इतर कामगारां'चं, म्हणजे शेती आणि घरगुती उद्योग सोडून. साधनाला कोड एकच. पायी, सायकल, दुचाकी, मोटार, रिक्षा-टेम्पो-टॅक्सी, बस, रेल्वे, यांतलं एक. आमची मावशी वसाहतीतून गाडीतळापर्यंत चालते किंवा शेअर रिक्षाने जाते, तिथून बस, स्वारगेटला दुसरी बस. तिचा कोड कुठला? बहुधा बस. चालणं आणि रिक्षा कागदावरून गेली. येताना रेशन घेतलं, पोराला शाळेतून उचललं, हे तर प्रश्नातच नाही. ते 'कामावर जाणं' धरलं जात नाही.

स्पॅनिश वास्तुविशारद इनेस सांचेझ दे मदारियागा यांनी या प्रकारच्या प्रवासाची मोजणी वेगळी केली पाहिजे, हे फार आधी मांडलं. मुलांना सोडणं-आणणं, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, बाजार हे एकत्र धरलं तर त्याचा वाटा कामाच्या प्रवासाच्या जवळपास जाण्याइतका मोठा निघतो. सुटं सुटं 'खरेदी', 'इतर', 'वैयक्तिक' अशा रकान्यांत टाकलं की नाहीसं होतं. आमच्या प्रश्नावलीत म्हणून 'प्रवासाचा हेतू' हा रकानाच ठेवलेला नाही. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत काय काय केलं, ते सलग लिहायचं.

२२ जून, रविवार

काम बंद. दोन्ही पालख्या आज पुण्यातून निघाल्या आणि हडपसरमधून पुढे गेल्या. माउलींची दिवेघाटाकडे, तुकोबांची लोणी काळभोरकडे. सहसंशोधक पहाटेपासून चहाच्या मोठ्या पातेल्यांशी. मीही ग्लास विसळले. वर्षातला हा एक दिवस सोलापूर रस्ता पूर्ण चालणाऱ्यांचा असतो, आणि शहर तो विनातक्रार देतं.

२९ जून, रविवार

तिकिटं गोळा करायची कल्पना सहसंशोधकांची. स्मार्टफोन घरात एकच, तोही नवऱ्याकडे नाहीतर कॉलेजच्या पोराकडे. त्यामुळे फोनवरून प्रवास टिपणारी आमची योजना इथे लागूच पडत नव्हती. तिकीट मात्र प्रत्येकीकडे असतं. त्यावर चढल्याची वेळ, कुठून कुठे, किती पैसे, सगळं छापलेलं. प्रत्येकीला दुधाची धुतलेली पिशवी दिली, त्यात रोजची तिकिटं टाकायची.

अडचण एकच निघाली, ती म्हणजे मशीनची तिकिटं उष्णतेने उमटणाऱ्या कागदावरची असतात. ब्लाउजमध्ये, घामाने, स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवल्याने आठवड्यात कोरी होतात. आज निम्म्या पिशव्यांतून नुसते पांढरे कागद निघाले. उपाय दहावीतल्या एका मुलीने काढला. रोज रात्री ती मजल्यावरच्या बायकांची तिकिटं ओळीने मांडून फोटो काढणार आणि वहीत उतरवणार. तिलाही तासाचं मानधन.

८ जुलै, मंगळवार

आज ८ तारीख. महिलांसाठीच्या 'तेजस्विनी' बसमध्ये दर महिन्याच्या ८ तारखेला बायकांना तिकीट नसतं. ८ मार्च २०१८ ला ही बससेवा सुरू झाली, तारीख तिथून आलेली. आमच्या बायका ज्या मार्गांनी जातात तिथे ती नाही, त्यामुळे सवलत ऐकून माहीत आहे.

यावरून गप्पा एसटीवर गेल्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीपासून पूर्ण माफ. एक मावशी म्हणाल्या, "सासवडला माहेरी जाते तर सरकार अर्धे पैसे भरतं. भांडी घासायला जाते तर मी पूर्ण भरते. म्हणजे माहेरपण सरकारला पटतं, काम नाही पटत."

सगळ्या हसल्या. मी वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

उत्तर अर्थातच आहे. एसटी राज्य सरकारची, सवलतीची भरपाई राज्याच्या तिजोरीतून होते. पीएमपीएमएल ही कंपनी, २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून झालेली. तिचा तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका साठ-चाळीस टक्क्यांनी उचलतात. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून, तमिळनाडूत मे २०२१ पासून, कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना शहरी बसमध्ये तिकीट नाही, कारण तिथे राज्याने पैसे टाकले. आपल्याकडे शहरातली बस महापालिकेच्या गळ्यात आणि गावची बस राज्याच्या. मावशीला या भानगडीशी देणंघेणं नाही, आणि का असावं?

१९ जुलै, शनिवार

तिकिटांच्या वह्यांवर बसलो. रोजचा सगळ्यांत जास्त आढळणारा रस्ता असा : वसाहत ते गाडीतळ १०, गाडीतळ ते स्वारगेट २०, स्वारगेट ते सहकारनगर १०. एका बाजूचे ४०, जाऊन-येऊन ८०. अंतर मात्र सगळं मिळून पंधरा किलोमीटरच्या आतलं. सरळ एक बस असती तर ३० रुपयांचा टप्पा. म्हणजे बस बदलावी लागते याचेच दहा रुपये जादा, दोन्ही वेळा. अंतर तेच, वेळ जास्त, उभं राहणं जास्त, आणि वर दंड.

इथे मला वाटतं सगळा प्रकल्प येऊन टेकतो. दर ठरवताना एक तिकीट म्हणजे एक प्रवास असं धरलंय. ज्याचं घर आणि कामाची जागा एकाच मार्गावर आहे त्याला ते बरोबर लागू पडतं. ज्याला उचलून दुसरीकडे नेऊन बसवलंय त्याचा प्रवास तुटलेलाच असणार, आणि प्रत्येक तुटीला पहिला टप्पा नव्याने सुरू होणार.

पास का काढत नाहीत, हा प्रश्न बाहेरचे सगळे विचारतात. मीही विचारला होता. उत्तर हिशोबात आहे. सव्वीस दिवस ८० रुपयांनी २,०८० होतात, पास १,५०० चा. दिसायला ५८० वाचतात. पण बऱ्याच जणी वसाहत ते गाडीतळ चालतात, म्हणजे त्यांचे रोजचे ६०. सव्वीस दिवसांचे १,५६०. फायदा साठ रुपयांचा. त्यात महिन्यात दोन दिवस पोरगं आजारी पडलं, चोवीस दिवसच काम झालं, तर १,४४०. पास काढणारी साठ रुपयांनी बुडाली. शिवाय १,५०० एकरकमी, तेही पगाराआधी. चालणारी बाई पास काढत नाही हा अडाणीपणा नाही, तिने माझ्याआधी केलेला गुणाकार आहे.

दिवसाचा ७० चा पास तीन टप्पे बसनेच करणारीला दहा रुपये वाचवतो. तो काही जणींनी या आठवड्यापासून घ्यायला सुरुवात केली. एवढं तरी हाताला लागलं.

२७ जुलै, रविवार

वरचा हिशोब फळ्यावर मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या. कचरावेचक मावशी मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे ज्या जातात त्यांचं झालं. जी जातच नाही तिचं तिकीट कुठून आणणार?"

तिकिटांच्या पिशव्यांत फक्त प्रवास करणाऱ्या सापडतात. लांबचं काम सोडून जवळ कमी पैशांचं धरलेल्या, दोन घरांपैकी एक सोडलेल्या, मुलीला कॉलेजऐवजी घरी बसवलेलं घर, यांचा एकही कागद नसतो. स्वतः मावशी तर बसच्या हिशोबातच बसत नाहीत. भंगाराचं पोतं घेऊन चढायचं म्हटलं की बाकीचे उतारू नाक मुरडतात. मग गोळा केलेला माल जिथे विकायचा तिथपर्यंत टेम्पोवाला सांगेल ते भाडं. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. शहराचा एवढा मोठा भार ज्या उचलतात त्यांच्या ओझ्यासकट प्रवासाची सोय कुठल्या आराखड्यात असते? मी पाहिलेल्या तरी नाही.

मावशींच्या म्हणण्यावरून दुसरी वही सुरू केली. नाव ठेवलं 'न झालेले प्रवास'. घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायचा : गेल्या महिन्यात कुठे जायचं होतं आणि गेला नाहीत? या वहीत काय येतंय ते वाचायला मला तिकिटांपेक्षा जास्त वेळ लागतो. डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललेलं. नणंदेच्या बाळाचं बारसं. शिवणाचा क्लास. एका पाचवीतल्या मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं : 'जुन्या मित्राचा वाढदिवस'.

३ ऑगस्ट, रविवार

थांब्याची मोजणी. टेप, खडू, छत्र्या. पोलिओने एक पाय गेलेला एक तरुण आमच्यात आहे, कुबड्यांवर चालतो, मोबाइल दुरुस्ती करतो. मोजमापं त्यानेच ठरवली.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं आहे. इथला पदपथ काही ठिकाणी रुंदीला पुरतो, पण मधोमध विजेचा डीपी बॉक्स आणि जाहिरातीचा खांब. उंची जागोजागी वेगळी. तरुण म्हणाला, "उंच असला तरी चालेल, पण सगळीकडे सारखा असू दे. कुबडीला सवय होते."

बसच्या फरशीची उंची केंद्राच्या शहरी बसच्या मानकांत तीन प्रकारची आहे : ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. ४०० वाली बस सगळ्यांत चांगली, यात वाद नाही. पण ती थांब्याला लागली तर. थांब्यासमोर शेअर रिक्षा उभ्या, त्यामागे हातगाडी, म्हणून चालक रस्त्याच्या मधेच बस उभी करतो आणि चढणारा पदपथावरून आधी रस्त्यावर उतरतो, मग पुन्हा चढतो. कमी उंचीच्या बसवर केलेला सगळा खर्च त्या दोन मीटरच्या अंतरात वाया जातो. चालकाला दोष देऊन काय होणार, त्याला जागाच नाही.

थांबा मोकळा करा, ही मागणी वहीत आली. आणि इथूनच पुढचं भांडण सुरू झालं.

१० ऑगस्ट, रविवार

शेअर रिक्षावाले बैठकीला आले. आठ-दहा जण, दारात उभे. त्यातले बरेचसे याच वसाहतीतले, म्हणजे आमच्या सहसंशोधकांपैकी कुणाचा दीर, कुणाचा नवरा. ही बाजू आम्ही आराखड्यात धरलीच नव्हती, असं नाही. फक्त ती 'व्यावसायिक' म्हणून धरली होती, रहिवासी म्हणून नाही.

त्यांच्यातले वयाने मोठे काका बोलले. आवाज न चढवता. "बस येत नव्हती तेव्हा पहाटे साडेपाचला बायकांना गाडीतळावर कोण सोडत होतं? वीस रुपये सीट घेतो, पण सीएनजी, हप्ता, पासिंग, विमा सगळं माझं. बसला तोटा झाला तर महापालिका भरते. माझा तोटा कोण भरतं? तुम्ही थांबा मोकळा करा म्हणताय. करा. आम्ही कुठे उभं राहायचं ते पण लिहा त्या कागदावर."

एक ताई उसळल्या, "काका, पाऊस पडला की वीसचे तीस करता ते पण लिहू का?" काका म्हणाले, "लिहा."

दीड तास हे चाललं. मध्यस्थी करायचा मोह होत होता, पण गप्प बसलो. रहिवाशांचा सहभाग म्हटलं की सगळ्यांची मागणी एक, असं चित्र अहवालात रंगवायला सोपं जातं. इथे स्वस्त बस ही एका घरातल्या बाईची गरज आणि त्याच घरातल्या पुरुषाच्या धंद्यावर टाच. न्याय्य काय, हे बाहेरून ठरवता येणार नव्हतं.

जे ठरलं ते असं. रिक्षांना थांब्यापासून पुढे, वळणाच्या आधी, आखलेली जागा मागायची. ती आमच्या मागण्यांतच घालायची, रिक्षावाल्यांच्या वेगळ्या अर्जात नाही. पहाटे साडेपाच ते साडेसहा दर वीस, पाऊस असो नसो. त्या बदल्यात बस थांब्यावर लागेल इतकी जागा सोडायची, आजपासूनच. कागदावर काकांची आणि त्या ताईंची, दोघांची सही.

सकाळच्या फेऱ्या वाढवायच्या की नाही यावर मात्र एकमत झालं नाही. तसं नोंदवलं.

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. या आठवड्यात कुणीच वही उघडलेली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

मागण्यांचा मसुदा. बायकांना सरसकट मोफत प्रवास मागावा की नाही, यावर सगळा वेळ गेला. मला वाटलं होतं एकमुखाने हो म्हणतील. दोन तट पडले. एक म्हणे कर्नाटकात मिळतं तर इथे का नको. दुसरा, आणि त्यात रोज बसने जाणाऱ्या जास्त, म्हणे आधी बस वेळेवर येऊ दे. फुकट केली आणि गर्दी वाढली, फेऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर आमचंच चढणं मुश्कील. रात्रपाळीचा वॉचमन असलेले दादा हळूच म्हणाले, "मी बाई नाही, पण पगार बाईएवढाच आहे." त्यावर कुणी हसलं नाही.

शेवटी पहिली मागणी ठरली ती साधी आहे : बदल-तिकीट. एकदा काढलेलं तिकीट दोन तास चालावं, मधे कितीही बस बदला, भाडं एकूण अंतराचं. वसाहत ते सहकारनगर ४० ऐवजी ३०. लंडनमध्ये असलं तिकीट २०१६ पासून आहे, सुरुवातीला एका तासात एक बदल, मग २०१८ पासून कितीही. तिकिटावर वेळ आणि थांबा आपल्या मशीनही छापतातच, त्यामुळे नवं यंत्र आणायची गोष्ट नाही. मला ही मागणी मोफतपेक्षाही आवडली. ती कुणा एका गटाला सवलत मागत नाही. ज्याचा प्रवास तुटतो त्याचा दंड काढा एवढंच म्हणते, आणि त्यात वॉचमन दादाही येतात.

दुसरी : महिन्याचा पास आठवड्याच्या चार हप्त्यांत. तिसरी : थांबा आणि रिक्षांची जागा. चौथी : पहाटेची एक फेरी वसाहतीतून थेट स्वारगेट. ओझ्यासकट प्रवासाची मागणी पाचवी, कचरावेचक मावशींनी सांगितलेल्या शब्दांत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीनंतर अखेर भेट मिळाली. वाहतुकीच्या कामातले एक वरिष्ठ अधिकारी. आमच्याकडून चार सहसंशोधक, रिक्षावाले काका आणि मी. ठरल्याप्रमाणे मी बोललो नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं, आणि नीट. पहिला प्रश्न अपेक्षितच होता : "सॅम्पल किती?" दहावीतल्या मुलीने तिकिटांच्या वह्या टेबलावर ठेवल्या. "सर, हे सॅम्पल नाही. आमच्या मजल्यांवरच्या ज्या बायका कामाला जातात त्या सगळ्या आहेत." साहेबांनी एक वही उघडून बराच वेळ पाहिली.

मग त्यांची बाजू. डिझेल, सीएनजी, भाड्याने घेतलेल्या गाड्यांचे किलोमीटरवर ठरलेले पैसे, साठ-चाळीसची भरपाई. बदल-तिकिटाने उत्पन्न किती कमी होईल, हे मोजल्याशिवाय संचालक मंडळापुढे नेता येणार नाही, असं म्हणाले. यात चूक काहीच नाही. पण जूनमधल्या वाढीने किती बायकांनी काम सोडलं, हे मोजल्याशिवाय वाढ मात्र पुढे गेली. मोजायचं ओझं नेहमी मागणाऱ्यावर.

काकांनी रिक्षांच्या जागेचा नकाशा पुढे केला. साहेब म्हणाले, हे पथ विभागाचं काम. ताईंनी विचारलं, मग पथ विभागात कुणाकडे? पूर्वी नगरसेवकाकडे गेलं की तो दोन्ही दारं ठोठावायचा. पुण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहेत. साडेतीन वर्षं रहिवाशांनी बोलायचं ते थेट फाइलशी. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात गाड्यांपेक्षा माणसं हलवण्याला महत्त्व द्या म्हटलंय, ते सगळे उद्धृत करतात. माणसांनी कुणाला विचारायचं, ते त्यांना तिथून कसं कळणार?

हाती काय : पहाटेच्या थेट फेरीची प्रायोगिक चाचणी 'विचाराधीन'. तिकिटांच्या वह्यांची प्रत त्यांनी मागून घेतली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

वसाहतीत परत सांगितलं. निराशा झाली, पण मला वाटलं होतं तेवढी नाही. बचत गटाने दरम्यान स्वतःच एक गोष्ट सुरू केली आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गटाच्या पैशातून ज्यांना परवडतो त्यांचे पास काढायचे, त्यांनी दर आठवड्याला ३७५ परत करायचे. पासचे चार हप्ते झाले, महामंडळाने द्यायच्या आधी गटाने दिले.

बायका यावर खूश आहेत आणि मी वहीत मात्र प्रश्नचिन्ह केलंय. अहवालात हे 'यशोगाथा' म्हणून चौकटीत छापायचा आग्रह होणार. सार्वजनिक सेवेला आगाऊ रक्कम लागते ती गरिबांनी आपल्या बचतीतून उभी केली, एवढंच यात आहे. छापायचं तर मागणी क्रमांक दोनच्या खाली छापू, पुरावा म्हणून. बचत गटाच्या अध्यक्षांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "छापा कुठंही, पण व्याज घेत नाही हे लिहा."

थांब्यापुढची जागा अजून मोकळी आहे. पावसाळ्यानंतर रिक्षा पुन्हा सरकतील असं मला वाटत होतं. काका रोज सकाळी तिथे उभे असतात.

१६ डिसेंबर, मंगळवार

काल महापालिका निवडणुकांची घोषणा झाली, १५ जानेवारीला मतदान. आचारसंहिता लागली, म्हणजे थेट फेरीचा निर्णय आता निवडणुकीनंतर. फाइल थांबली आणि वसाहतीत माणसं यायला लागली. काल रात्रीच एका इच्छुकाचे कार्यकर्ते हळदीकुंकवाची तारीख विचारून गेले.

संध्याकाळी घाईने बैठक. कुणाच्या प्रचाराला प्रकल्पाचं नाव जोडायचं नाही, हे आधी ठरलं. वह्या कुणालाही द्यायच्या नाहीत, वाचून दाखवायच्या. प्रभागातून चार जण निवडून जाणार आहेत, त्यामुळे जो येईल त्याला तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तर त्याच्यासमोर वहीत उतरवायचं. बदल-तिकीट महापालिकेच्या सभेत मांडणार का? त्याचा तोटा अंदाजपत्रकात धरणार का? रिक्षांची जागा कोणत्या महिन्यात आखून देणार?

चौथा प्रश्न कचरावेचक मावशींना हवा होता : शेवटचं बसने कधी गेलात? यावर मतदान घेतलं. बहुमताने तो पहिला ठेवला.